बाकीचा गाळ कुठे गेला?

बस. चहा नंतर घेऊ. आधी ते हसू आवर आणि विचारते त्याचं सरळ उत्तर दे.

काल चार माणसांत तू छाती फुगवून सांगितलंस, "बाई, बंगला बांधून पंधरा वर्षं झाली, सेप्टिक टँकला एकदाही हात लावावा लागला नाही. काम असं करून घेतलंय!" सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानं तर गवंड्याचा नंबर मागून घेतला. मी गप्प राहिले, कारण चारचौघांत यजमानाचा कान धरायचा नसतो. आज चारचौघं नाहीत, तेव्हा ऐकून घे. पंधरा वर्षं घरातला मैला कुठेतरी जातोय आणि तो कुठे जातोय याचा तुला पत्ता नाही, याची तू काल जाहीर कबुली दिलीस. वर त्याबद्दल शाबासकीही घेतलीस.

दहावीला विज्ञानात तुला चांगले गुण होते. ते कुठल्या गाइडातून पाठ केले होतेस, ते काल कळलं.

"भरली नाही" म्हणजे काय रे? सेप्टिक टँक पहिल्या काही दिवसांतच भरतो. बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीपर्यंत पाणी चढलं की टाकी भरली, आणि त्यानंतर जन्मभर ती भरलेलीच राहायला हवी. या टोकानं बादलीभर पाणी आत आलं की त्या टोकानं बादलीभर बाहेर पडतं. मधल्या एक-दोन दिवसांच्या मुक्कामात जे व्हायचं ते होतं. जड ते तळाशी बसतं, तेल-चरबी वर तरंगते आणि मधलं गढूळ पाणी शोषखड्ड्याकडे जातं. तळातल्या गाळावर हवेशिवाय जगणारे जिवाणू काम करत असतात. ते बराचसा मैला पचवतात, त्यातून वायू सुटतो आणि तो गॅसच्या पाइपानं वर जातो. पण बराचसा म्हणजे सगळा नाही. न पचलेलं तळाशी साठत जातं. तुझ्या टाकीत भरतो तो गाळ. तो वर चढला की पाण्याला मुक्काम करायला जागा उरत नाही, आणि मैला तळाला बसायच्या आत पाण्याबरोबर पुढे निघतो. घरात मात्र काहीच कळत नाही. फ्लश ओढला की पाणी जातं, वास नाही, तक्रार नाही. त्यालाच तू चांगलं काम म्हणतोस.

कागद घे. पेन नसेल तर माझं घे. टाकी किती म्हणालास? सहा फूट लांब, तीन फूट रुंद, पाण्याची खोली चार फूट. गुणाकार कर. 72 घनफूट. एका घनफुटात 28.3 लिटर, म्हणजे टाकीत मावतं साधारण 2,040 लिटर. घरात माणसं सहा. पचून, दबून उरणारा गाळ माणशी वर्षाला ढोबळमानानं 40 लिटर धर. सहा जणांचा 240. पंधरा वर्षांचा किती? 3,600. तोंडी यायला हवं होतं.

आता पुढे. टाकीत पाण्याचा थेंब नाही, ती तळापासून वरपर्यंत नुसत्या गाळानं ठासून भरली आहे, असं धरलं तरी 1,560 लिटर गाळ उरतो. बाकीचा गाळ कुठे गेला? खाली बघू नकोस. उत्तर फरशीवर लिहिलेलं नाही.

याच कागदावर दुसरंही एक उत्तर आहे. गाळानं टाकीचा तिसरा हिस्सा व्यापला की ती उपसायची वेळ झाली, असं समजायचं. तुझ्या टाकीचा तिसरा हिस्सा 680 लिटर. त्याला 240 नं भाग. पावणेतीन वर्षांच्या थोडं वर. जाणकार दोन-तीन वर्षांनी उपसा म्हणतात ते असं. पंधरा वर्षांत तुझी टाकी पाच वेळा तरी उपसायला हवी होती. आणि तू शून्याचा टिळा लावून मिरवतो आहेस.

गाळ जायच्या वाटा तीन. पहिली टाकीच्या अंगातूनच. टाकी जांभ्याच्या चिऱ्यांची आहे ना? आतून गिलावा पक्का केला होता? तळाला काँक्रीट घातलं होतं, की चिऱ्यांखाली नुसती माती? माहीत नाही म्हणतोस. कित्येक गवंडी तळ मुद्दाम उघडा ठेवतात. "पाणी आपोआप जिरून जाईल साहेब, उपसायची कटकट नाही." साहेब खूश. त्याला टाकी म्हणत नाहीत, खड्डा म्हणतात. जांभा जाळीदार दगड. विहिरीला पाणी ज्या भेगांतून येतं, त्याच भेगांतून तुझ्या घरातलंही जातं. घाटावर काळ्या मातीत पाणी जिरत नाही, तिथे टाकी बिघडली की अंगणात तळं साचतं आणि मालकाची झोप उडते. आपल्याकडे सगळं मुकाट्यानं जिरतं, म्हणून आपण शहाणे ठरतो.

दुसरी वाट शोषखड्ड्याची. टाकीतून गाळ वाहून गेला की तो शोषखड्ड्याच्या दगडांवर, मातीवर लेप धरून बसतो. मग माती पाणी घेईनाशी होते. टाकी उपसता येते. लेप बसलेला शोषखड्डा मात्र उपसून सुधारत नाही, बहुतेक वेळा नवाच खणावा लागतो. उपशाचे पैसे वाचवणाऱ्याचं हे बक्षीस.

तिसरी वाट तूच केली आहेस. गडग्याखालून एक चार इंची पाइप व्हाळात सोडलेला मी पाहिला. विचारलं तर म्हणालास, "पावसाळ्यापुरता आहे." पावसाळ्यात व्हाळाचं पाणी खालच्या आवाठात जातं. तिथली माणसं काय पावसाळ्यापुरती राहतात?

भारतीय मानक 2470 हे सेप्टिक टँकसाठीच लिहिलं आहे, 1985 सालचं. पाणी जमिनीत जिरवायची जागा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर लांब हवी, असं ते सांगतं. साठ फूट. तुझा शोषखड्डा आणि शेजारच्या काकूंची विहीर यांच्यामध्ये गडगा आहे आणि दोन माड. पावलं टाकून मोज. मी टाकली आहेत.

गेल्या वर्षी ग्रामसभेत तूच सरपंचांवर आवाज चढवला होतास ना? गावाला पाण्याचं लाल कार्ड का मिळालं, टीसीएल पावडर वेळेवर का टाकत नाही, वाडीत कावीळ कशी आली? प्रश्न बरोबर होते. विचारणारा माणूस चुकीचा होता. टीसीएलची चिमूट टाकून रोज वाहत येणारा मैला निस्तरत नाही. कावीळ, विषमज्वर, अतिसार हे सगळे याच वाटेनं घरात शिरतात. ज्याच्या गडग्याखालून पाइप जातो, त्यानं ग्रामसभेत हात वर करण्याआधी घरी जाऊन कुदळ उचलावी.

आता आत काय काय टाकता त्याचा हिशेब. संडासात जाते ती शरीराची घाण आणि पाणी. बस. सॅनिटरी पॅड, बाळाचे डायपर, ओले वाइप, सिगारेटची थोटकं, केसांचे गुंते, औषधांच्या गोळ्या यांना तिथे जागा नाही. वाइपच्या पाकिटावर फ्लशमध्ये चालतात असं छापलेलं असलं तरी नाही. छापणाऱ्याला तुझी टाकी उपसायची नाहीये. आणि हे सगळं "घरातल्या बायका टाकतात" असं पुटपुटू नकोस. संडासात झाकणाची कचराकुंडी ठेवली आहेस का? नाही ना? मग गप्प बस.

दर रविवारी ॲसिड ओतून भांडं चकचकीत करता. ज्या जिवाणूंवर टाकीचं सगळं काम चालतं, त्यांच्यावर तुम्ही आठवड्याला विष ओतता. ब्रश आणि साधा साबण पुरतो. फारच डाग असेल तर क्लीनर थोडा, आणि कधीतरी. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र तर कधीच करायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. रसायनशास्त्राच्या तासाला तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतास, म्हणून पुन्हा सांगते.

आणि ती पुडी! महिन्याला एक पुडी टाका, टाकी कधीच उपसावी लागणार नाही. दुकानदारानं सांगितलं आणि तू घेऊन आलास. अरे, मैल्यातच कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांना बाहेरून पाहुणे लागत नाहीत. नवी टाकी सुरू करताना थोडं शेणाचं पाणी किंवा चालू टाकीतला थोडा गाळ घालतात, ते ठीक. पण वाळू, केस, प्लास्टिक आणि न पचणारा गाळ कुठल्याही पुडीनं नाहीसा होत नाही. पुडीत जादू असती तर नगरपालिकांनी टाक्या उपसायच्या गाड्या कशाला घेतल्या असत्या?

पाण्याचंही तेच. तुझ्या आजीच्या घरात मोरीचं पाणी अळवाला जायचं, भांडी घासलेलं पाणी केळीला जायचं. तिला कुणी मानक शिकवलं नव्हतं. तू बंगला बांधलास आणि न्हाणीघर, स्वयंपाकघर, वॉशिंग मशिन, सगळ्यांचे पाइप एका चेंबरमध्ये आणून टाकीत सोडलेस. वर स्लॅबचा पन्हळ पण त्यातच! मिरगाचा पहिला पाऊस पडला की छपरावरचं सगळं पाणी टाकीत घुसतं आणि तळातला गाळ ढवळून शोषखड्ड्यात नेऊन सोडतं. पावसाचा पाइप याच आठवड्यात तोड. मोरीचं पाणी बागेत काढ. तुझ्याकडे बाग आहे ना, की तिथेही पेव्हर ब्लॉक?

पेव्हर ब्लॉकवरून आठवलं. टाकीचं झाकण कुठे आहे? दाखव म्हटलं तर तू अंगणात गोल फिरलास आणि म्हणालास, "इथेच कुठेतरी, गाडीखाली." ज्या झाकणावर रोज गाडी उभी राहते, ते झाकण आहे की सापळा? स्लॅब गाडीच्या वजनाचा नसेल तर एक दिवस तो खचेल. तेव्हा वर गाडी असेल किंवा खेळणारं पोर असेल. झाकण सापडायला हवं, उघडता यायला हवं, आणि एरवी घट्ट बंद असायला हवं. टाकीची जागा, पाइपांची दिशा, शोषखड्डा यांचा नकाशा काढून मीटरच्या पेटीत चिकटव. सहावीत तुम्ही शाळेचा नकाशा काढला होता, त्यापेक्षा हा सोपा आहे.

वर बघ. गॅसच्या पाइपाला जाळी नाही. आरोग्यसेविका दोनदा सांगून गेली असेल, तू "हो हो" म्हणाला असशील. क्युलेक्स डास अशाच घाण पाण्यात वाढतो आणि हत्तीरोग तोच पसरवतो. दर आठवड्याला कोरडा दिवस पाळता, पिंप घासता, कुंड्यांखालच्या बशा पालथ्या घालता, आणि टाकीच्या पाइपातून डासांना जायला-यायला मोकळी वाट. जाळी काही रुपयांची आहे. ती बसवायला मंत्रिमंडळाचा निर्णय लागत नाही.

आता मुख्य धडा. टाकीकडे लक्ष द्यायची वेळ झाली, हे ओळखायचं कसं? वही काढ.

एकच संडास तुंबला तर बहुतेक दोष त्याच्या लाइनीत आहे. पॅड अडकलं असेल, पाइपाचा उतार बिघडला असेल. तिथे टाकीला दोष देऊन गाडी बोलावलीस तर पैसे वाया. पण वरचा आणि खालचा दोन्ही संडास जड झाले, फ्लश केल्यावर गुडगुड आवाज येतोय, खालच्या न्हाणीघराच्या जाळीतून काळं पाणी वर येतंय, तर घोटाळा टाकीत किंवा तिच्या पुढे आहे. मग आधी चेंबर बघ. टाकीच्या अलीकडचा चेंबर भरलेला असेल तर टाकीकडे जाणारा पाइप अडलाय किंवा टाकी चढली आहे. टाकीच्या पलीकडचाही भरलेला असेल तर शोषखड्डा पाणी घेत नाही.

शोषखड्ड्याच्या जागी उन्हाळ्यातही गवत हिरवंगार दिसतं, आणि तुझी पोरं त्याचं कौतुक करतात. ते कौतुकाचं नाही. पायाखालची माती ओलसर, वास कुजका, पाणी वर झिरपतंय, ही सगळी उशिरा आलेली बोलावणी. गाडीनं टाकी उपसून नेली आणि पंधरा दिवसांत पुन्हा तीच रड, तर गाडीवाल्याला शिव्या द्यायच्या नाहीत. टाकी उपसल्यावर ती पुन्हा पाण्यानं भरणारच, ते मी आधी सांगितलं. रड पुन्हा आली याचा अर्थ शोषखड्डा मेला आहे. पावसात चार दिवस जड चालून मग सुरळीत झालं तर जमिनीतलं पाणी वर आलं होतं. उन्हाळ्यात असं झालं तर मात्र सबब नाही.

पण शहाणा माणूस खुणांची वाट बघत नाही. तो मोजतो. आठ-दहा फुटी सरळ बांबू घे. खालच्या टोकाला तीन-चार फूट पांढरा जुना पंचा घट्ट गुंडाळून सुतळीनं बांध. झाकण उघडून ठेव आणि बाजूला हो, लगेच डोकावू नकोस. बरोबर दुसरा माणूस हवा. जवळ बिडी नाही, काडी नाही, कारण आत मिथेन असतो. मग वाऱ्याच्या बाजूनं उभं राहून, आत न वाकता, बांबू हळूहळू तळाला टेकेपर्यंत सोड. पाचेक मिनिटं तसाच धर आणि सावकाश वर काढ. पंच्यावर खालून वर घट्ट काळा पट्टा दिसेल, त्याच्या वर नुसता ओला मळका भाग. काळ्या पट्ट्याची उंची म्हणजे गाळ. पाण्याची खोली चार फूट, पट्टा सोळा इंच, म्हणजे तिसरा हिस्सा झाला. गाडी बोलाव. वर तरंगणारा थर जाड दिसला तर त्याचीही भर धर. दोन्ही मिळून निम्म्याला पोचू द्यायचे नाहीत. वर्षातून एकदा मोजायचं आणि भिंतीवर तारीख टाकायची. गाडीची सर्व्हिसिंग तू किलोमीटरवर करतोस, डायरीत नोंदही ठेवतोस. त्या गाडीचा धूर शेजाऱ्याच्या विहिरीत जात नाही.

उपसायची वेळ कोणती? भर पावसात नाही. जमीन पाण्यानं फुगलेली असताना टाकी रिकामी केली की बाहेरचं पाणी भिंतींवर दाब देतं, आणि प्लास्टिकची टाकी असेल तर ती वरही उचलली जाते. दिवाळीनंतर किंवा एप्रिल-मेमध्ये, मिरगाच्या आत. गाडी पंपाची हवी, बादल्यांची नाही. नुसतं वरचं पाणी ओढून "झालं साहेब" म्हणणारा असतो, त्याच्याजवळ उभा राहा. तळातला गाळ ढवळून ओढला पाहिजे. टाकीला दोन कप्पे असतील तर दोन्ही. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांचे टी शाबूत आहेत का ते वरूनच टॉर्च मारून बघ. बाहेरच्या बाजूचा टी तुटलेला असेल तर वरचा तवंग थेट शोषखड्ड्यात जातो. तळाला एक-दोन इंच गाळ राहू दे, पुढच्या जिवाणूंचं ते विरजण. टाकी धुऊन लख्ख करू नकोस, फिनेल तर मुळीच ओतू नकोस. आणि पाण्यानं भरून मग वापर.

गाडीवाल्याला एक प्रश्न विचारायचा: हे नेऊन कुठे टाकणार? रात्री चिऱ्याच्या जुन्या खाणीत नाही तर घाटातल्या वळणावर ओतणार असेल तर तुझी विहीर वाचली आणि दुसऱ्याची गेली. मैल्याच्या गाळावर प्रक्रिया करणारी केंद्रं आहेत. नगरपरिषदेत विचार, तुझ्या भागातली गाडी कुठल्या केंद्रात जाते ते. 14420 या क्रमांकावर सफाईची हेल्पलाइनही आहे.

आणि हे होत नाही असं मला सांगू नकोस. साताऱ्यातलं वाई आणि नाशिकमधलं सिन्नर, ही काही मुंबई-पुणे नाहीत. तिथे तक्रार येण्याची वाट न बघता, वेळापत्रकानं, दर तीन वर्षांनी घरोघरच्या टाक्या उपसतात आणि गाळ प्रक्रिया केंद्रात नेतात. वाईनं 2018 मध्ये सुरुवात केली. तिथल्या माणसांना तुझ्यासारखेच दोन हात आहेत. त्यांना फक्त हिशेब कळला.

आता शेवटचं, आणि इथे मला मान वर करून ऐकणारा माणूस हवा.

काल तू म्हणालास, "लागलंच तर दोन माणसं आणतो, बाटलीचे पैसे दिले की उतरतात." काय म्हणालास ते तुला कळलं का? त्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असतो तेव्हा कुजक्या अंड्यांचा वास येतो. जास्त झाला की वास येईनासा होतो. वायू गेलेला नसतो, नाक गेलेलं असतं. मग दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. त्याला काढायला तिसरा. वर्तमानपत्रात "टाकीत तिघांचा गुदमरून मृत्यू" ही बातमी तू वाचतोस आणि पान उलटतोस. ती तीन माणसं कुणीतरी बाटलीच्या पैशांत आणलेली असतात.

2013 च्या कायद्यानं सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस कामाला लावणं हा गुन्हा आहे. थेट लावला तरी, कंत्राटदारामार्फत लावला तरी. पहिल्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलंस तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. 20 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. पण तुला कायद्याची भीती घालून हे थांबवावं लागत असेल तर माझी शाळेतली वर्षं फुकट गेली.

कणकवलीला जाता-येता तू गोपुरीची पाटी बघतोस. तिथे आश्रम काढणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांनी 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैला साफ करायचं काम स्वतःला मिळावं म्हणून उपोषण केलं होतं. येरवड्यात गांधीजी त्यांच्या पाठीशी उपोषणाला बसले. पुढे अप्पांनी याच कणकवलीत संडास, सोनखत, मैल्यापासून गॅस यांवर आयुष्य घातलं. एका जातीच्या माथी मारलेली घाण प्रत्येकानं आपापली सांभाळावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या तालुक्यात राहून, इंजिनियर होऊन, तू ती पुन्हा त्याच माणसाच्या डोक्यावर ठेवणार? तुझ्या गड्याच्या घरी सरकारी अनुदानातून दोन खड्ड्यांचा संडास आहे, ज्याला तू काल हसलास. एक खड्डा भरला की तो दुसरा वापरतो, पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवतो आणि मग त्यातनं कोरडं खत काढतो. विज्ञानाच्या पेपरात त्याला मी तुझ्यापेक्षा जास्त गुण देईन.

काय करायचं ते लिहून घे. उद्या गाडी दुसरीकडे लाव, ब्लॉक उचलून झाकण शोध. गडग्याखालचा पाइप बंद कर. पन्हळ तोड. गॅसच्या पाइपाला जाळी. या महिन्यात पंपाची गाडी बोलाव आणि टाकी उपसून घे. रिकामी झाली की तळ आणि भिंती वरूनच बघ. तळ उघडा निघाला, चिऱ्यांतून पाणी झिरपत असेल, तर त्या टाकीला रामराम. पक्क्या तळाची, आतून नीट गिलावा केलेली नवी टाकी बांध, आणि शोषखड्डा विहिरीपासून मानकाच्या अंतरावर. खर्च येईल. पाच उपशांचे वाचवलेले पैसे तुझ्याकडे आहेतच.

आणि या सगळ्याच्या आधी ग्रामपंचायतीत जा. जलसुरक्षकाकडून पाणी तपासायच्या दोन बाटल्या घे, एक तुझ्या विहिरीसाठी, एक काकूंच्या. खुणेपर्यंत पाणी भर, बूच लाव, सावलीत ठेव. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात मैल्याचे जिवाणू आहेत. काकूंची बाटली काळी पडली तर त्यांना निरोप पाठवू नकोस, बायकोला पाठवू नकोस, ग्रामसेवकाच्या तोंडून कळू देऊ नकोस. बाटली हातात घेऊन त्यांच्या पडवीत जा, पाणी उकळून प्या म्हणून सांग, आणि ते काळं का पडलं तेही तूच सांग.